बारा हजार किलोमीटर आणि पुढचे तीनशे

पृथ्वीगोलावर न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यात दोरा ताणून धरला, तर तो आइसलंडवरून जातो. भिंतीवरचा नकाशा बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे पटकन पटत नाही. न्यूयॉर्क ४१ अंश उत्तरेला, मुंबई १९ अंशांवर. मग मधेच ६५ अंशांपर्यंत वर चढायचं कारण काय? कारण एवढंच की पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. गोलावरची सगळ्यांत जवळची वाट ही पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा असते. भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘बृहत्‌वृत्त’ वाचून, पाठ करून, परीक्षेनंतर विसरलेलो असतो, तेच हे. आइसलंडनंतर तो दोरा नॉर्वे-स्वीडनवरून मॉस्कोच्या आसपास येतो, कझाकस्तानच्या पश्चिम टोकावरून, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, सिंध करत खाली मुंबईला उतरतो. लांबी साधारण १२,५३० किलोमीटर.

या वाटेनं मी आले, असं मात्र म्हणता येणार नाही. दोरा ताणायला कुणाची परवानगी लागत नाही, विमानाला लागते.

जानेवारी होता. बहिणीकडे न्यू जर्सीला गेले होते, परतताना भाची बरोबर होती. ती बाल्टिमोरला सार्वजनिक आरोग्याचं शिकते आणि प्रशिक्षणासाठी तिला जायचं होतं जामखेडला. मी पुण्याची, आयुष्य महाराष्ट्रात गेलं. जामखेड म्हटलं की मला एसटीची पाटी आठवते, दुष्काळाच्या बातम्या आठवतात, फार तर चौंडी. तिच्या वर्गातल्या केनियाच्या आणि पेरूच्या मुलांना मात्र हे नाव पाठ होतं. ‘मावशी, तू कधीच गेली नाहीस?’ हा प्रश्न तिनं इतक्या निरागसपणे विचारला की तिला पोचवायला जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आमचं विमान भारतीय कंपनीचं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे. २०१९ मध्येही ते काही महिने बंद होतं. अफगाणिस्तानावरून जाणं अनेक कंपन्या टाळत आल्या आहेत. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. तेव्हा समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान आइसलंडच्या वाटेला न जाता बरंच खालून अटलांटिक ओलांडून युरोपावर आलं, तुर्कस्तानकडून वळून सौदी अरेबिया आणि ओमान करत अरबी समुद्रावर उतरलं. हिशेब केला तर हा वळसा चार-पाचशे किलोमीटरांचा निघतो. युरोपला जाणाऱ्या दिल्लीच्या विमानांना पाकिस्तानची बंदी जास्त जाचते. मुंबईला समुद्र शेजारी असल्यानं थोडक्यात भागतं.

अंतर आणि वेळ यांचं नातं वर आकाशात आणखी विचित्र होतं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात तर ताशी दोनशे किलोमीटरांच्या पुढे. येताना तो पाठीशी असतो, जाताना छातीवर. म्हणून न्यूयॉर्कहून मुंबईला यायला चौदा-पंधरा तास पुरतात आणि उलट दिशेला तेवढ्याच अंतराला एखाद-दीड तास जास्त मोजावा लागतो. याचा कळस एअर इंडियानं २०१६ मध्ये गाठला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिककडून न्यायचं सोडून त्यांनी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजार किलोमीटरांहून जास्त वाढली आणि तरी प्रवासाचे तास कमी झाले, कारण आता वारा सोबतीला होता. जानेवारी २०२१ मध्ये याच कंपनीच्या फक्त महिला वैमानिकांच्या चमूनं सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला थेट उत्तर ध्रुवावरून विमान आणलं. त्या चमूत कॅप्टन झोया अग्रवाल यांच्याबरोबर आकांक्षा सोनावरे हे आपल्याकडचं नावही होतं.

भाची झोपली होती आणि मी पडद्यावरचा वेग बघत बसले होते. अटलांटिकवर तो ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. न्यूयॉर्कला पोचायला एअर इंडियाला १९६० चा मे उजाडला, तोही लंडनला थांबून. आता मधे जमिनीला पाय न लावता अर्धी पृथ्वी ओलांडली जाते आणि आपण जेवण कोमट होतं म्हणून कुरकुरतो. घड्याळ साडेदहा तास पुढे सरकवलं की झालं. शरीराचं घड्याळ सरकायला मात्र आठवडा लागतो, त्याला कुठलाच वारा मदत करत नाही.

मुंबईहून जामखेड सरळ रेषेत २६० किलोमीटर आहे. आम्ही ज्या विमानातून उतरलो त्याला ते सतरा-अठरा मिनिटांचं काम. रस्त्यानं सव्वातीनशेच्या आसपास भरतं आणि आम्हाला दिवस लागला. जामखेडला विमानतळ नाही, रेल्वेही नाही. अहिल्यानगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटर. त्याचा विमानतळ शिर्डीजवळ काकडीला, २०१७ मध्ये सुरू झालेला. पण काकडी उत्तरेच्या टोकाला आणि जामखेड आग्नेयेच्या. जिल्ह्याचं नाव विमानतळापाशी वाचून कुणी जामखेडला जाण्याच्या आशेनं उतरला, तर त्याच्यापुढे आणखी दीडशे किलोमीटर असतात.

पुण्यावरून न जाता आम्ही कल्याण-मुरबाड-माळशेजचा रस्ता धरला. जानेवारीतला माळशेज म्हणजे पावसाळ्यातल्या छायाचित्रांचा सांगाडा: धबधब्यांच्या जागी काळे ओघळ, गवत पिवळं पडलेलं, कडे उघडे. पण सह्याद्री समजून घ्यायला हाच मोसम बरा. लाव्ह्याचे थर एकावर एक कसे बसलेत ते तेव्हाच दिसतं. शेजारीच नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल याच खिंडीतून जुन्नरला चढायचा. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. म्हणजे आमची मोटार ज्या दिशेनं चालली होती ती दिशा दोन हजार वर्षं वहिवाटीची आहे, फक्त डांबर नवं.

घाट चढला की पाऊस संपतो, हे वाक्य जानेवारीतही खरं वाटतं. माथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पडणारा पाऊस नगरजवळ पाच-सहाशेवर येतो. ओतूर-आळेफाट्याचा कांदा, द्राक्षं, डाळिंबं आणि कालव्याचं हिरवेपण मागे पडतं. टाकळी ढोकेश्वर, भाळवणी येईपर्यंत रंग करडा होतो. मग रब्बीची ज्वारी सुरू होते. भाचीनं ज्वारी कधी उभी पाहिली नव्हती. एका बांधावर हुरड्याची आगटी पेटली होती. शेतकऱ्यानं कणसं निखाऱ्यात फिरवली, गरम कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे केले, फुंकर मारून कोंडा उडवला आणि तिच्या ओंजळीत टाकले. सोबत लसणाची चटणी. विमानातल्या जेवणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

नगर सोडल्यावरची एक गंमत नकाशावर बघूनही लक्षात येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून त्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्याला जायचं, तर नेहमीचा रस्ता बीड जिल्ह्यातून जातो. कडा, आष्टी ही बीडची गावं. मराठवाडा निजामाकडे होता त्या काळी या पंचाहत्तर किलोमीटरांत माणूस एक राज्य सोडून दुसऱ्यात शिरायचा आणि पुन्हा पहिल्यात यायचा. आता फक्त एसटीच्या आगाराचं नाव बदलतं. आष्टीपर्यंत रेल्वे सप्टेंबर २०२२ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला पोचली. त्या मार्गाची मागणी करणाऱ्यांच्या दोन पिढ्या वाट बघण्यात गेल्या.

या पट्ट्यात आमचा वेग खरा घटला तो उसामुळे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, वर ऊस असा रचलेला की मागचा आरसा निरुपयोगी. ओलांडायला जागा मिळेपर्यंत ताशी वीस किलोमीटर. ऊस हे इथलं पीक कमी आणि इथल्या माणसांचं काम जास्त. दसरा झाला की जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या भागांतली कुटुंबं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. जानेवारीत वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं दिसतात, मधलं वयच गायब. ट्रॉलीत चूल, भांडी, शेरडू, पोर असं सगळं घालून ही माणसं रात्रभर प्रवास करतात. त्यांच्या अंतराचं कोष्टक कुठे छापलेलं नसतं.

जामखेड बालाघाटाच्या रांगांमधलं गाव. विंचरणा नदी, बाजारपेठ, चौकात गर्दी, तालुक्याच्या कुठल्याही गावासारखं. ‘आरोळ्यांचा दवाखाना’ विचारलं की कुणीही रस्ता दाखवतं. कागदावर त्याचं नाव समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प. डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे, डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, लग्नानंतर याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट खटकत राहिली: बरे करून पाठवलेले रोगी तोच आजार घेऊन परत येत होते. पुढे अमेरिकेत गेले, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये थेट जामखेडला आले. दवाखान्याची सुरुवात गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत झाली. म्हणजे माझी भाची ज्या शहरातून निघाली त्याच शहरातून, पंचावन्न वर्षांपूर्वी, हा रस्ता आखला गेला होता.

त्यांनी ओळखलं ते असं, की खेड्यातल्या बाईच्या दृष्टीनं डॉक्टर किती किलोमीटरवर आहे याला अर्थ नाही. ओढ्याला पाणी आहे का, बैलगाडी मोकळी आहे का, सासरा हो म्हणतो का, दवाखान्यात तिच्या जातीच्या बाईला आत घेतात का, यावर ते अंतर ठरतं. डांबरी रस्ता यातल्या फार तर एका प्रश्नाचं उत्तर. म्हणून त्यांनी रोग्याला आणण्याऐवजी माहिती उचलून गावात नेली. गावानं निवडलेली एक बाई, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित, जामखेडला येऊन शिकायची आणि आठवडाभर गावात ते वापरायची. स्वच्छ बाळंतपण, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखर-पाणी, गरोदर बाईचं वजन, क्षयाच्या गोळ्या, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं. कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी ती दलित वस्तीत घेतली, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे जावं लागलं. मला वाटतं ही हुशारी कुठल्याच विद्यापीठात शिकवत नसतील. भाची म्हणाली, आता शिकवतात, परीक्षेला येतं.

आकडे सांगायचे तर १९७१ मध्ये या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती. १९९० च्या दशकापर्यंत तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडला स्वतंत्र प्रकरण मिळालं. १९७८ मध्ये अल्मा-आता इथे ‘सर्वांसाठी आरोग्य’चा जाहीरनामा झाला त्यामागे जामखेडचाही अनुभव होता. (अल्मा-आता, आताचं अल्माटी, जामखेडच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. याला काही अर्थ नाही, पण नकाशे बघायची सवय लागली की असलं दिसत राहतं.) १९७९ मध्ये आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर ‘आशा’ आरोग्यसेविका आल्या, त्यांच्या पूर्वजांत या बायका मोजायला हव्यात. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम आता पुढची पिढी बघते.

प्रशिक्षणाच्या खोलीत जमिनीवर सतरंजी. पलीकडे कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा, तिथून पत्रा ठोकल्याचा आवाज. एक वयस्क कार्यकर्ती कापडी बाहुली घेऊन पोटातलं बाळ आडवं आहे की डोक्याकडून, हे हातानं कसं चाचपायचं ते दाखवत होती. तिनं भाचीचे हात धरले आणि स्वतःच्या हाताखाली दाबून बाहुलीवर फिरवले. डोकं कडक आणि गोल लागतं, ढुंगण मऊ. भाचीनं तीन वर्षं पुस्तकात वाचलेलं तिच्या बोटांना तेव्हा कळलं असावं, कारण ती एकदम गप्प झाली. मग बाईंनी विचारलं,

‘कुठनं आलीस गं पोरी?’

‘अमेरिकेहून.’

‘किती टाइम लागला?’

‘विमानात पंधरा तास.’

बाईंनी जरा विचार केला. ‘माझ्या सासूच्या टायमाला आमच्या वस्तीवरनं जामखेडला गाडीबैलानं सांज व्हायची. वढ्याला पाणी आलं की तितंच ऱ्हायचं, सकाळ हुईस्तवर. म्हंजी अमेरिका काय लांब न्हाई.’

इथल्या बायका उलट दिशेनंही गेल्या आहेत. १९८० च्या दशकात मुक्ताबाई पोळ या कार्यकर्तीनं वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेपुढे भाषण केलं. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं ते असं की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत; देखणे, पण महाग, आणि बघायला हजारो मैल यावं लागतं. मग पिशवीतून वातीचे दोन दिवे काढून एकानं दुसरा पेटवला. जामखेड तालुक्यातून वॉशिंग्टनपर्यंतचं विमान अंतर तेरा हजार किलोमीटरांच्या घरात जातं. ज्यांनी ते कापलं त्यांच्या तोंडी तो ‘हजारो मैल’ नुसता अलंकार नव्हता.

भाचीचे वर्ग सुरू व्हायच्या आधी आम्ही चौंडीला जाऊन आलो. सीनेच्या काठचं गाव, ३१ मे १७२५ ला अहिल्याबाई होळकर इथे माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी जन्मल्या. त्रिशताब्दीच्या निमित्तानं ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक इथे झाली आणि जिल्ह्याला आता त्यांचंच नाव आहे. गढी नीट केली आहे, परिसर झकपक झाला आहे, थोडा जास्तच. मला मात्र तिथे उभं राहून त्यांची कामं अंतराच्या हिशेबात दिसायला लागली. केदार, काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर. त्यांच्या धर्मशाळा, विहिरी, घाट देशभर पसरलेत. पायी चालणाऱ्या यात्रेकरूला ‘काशी किती कोस’ यापेक्षा ‘आज रात्री कुठे टेकायचं, पाणी कुठे मिळेल’ हे महत्त्वाचं असतं. अंतर कमी करणं कुणाच्याच हातात नव्हतं, ते सोसवेल असं तेवढं करता येत होतं.

अहिल्याबाई १७९५ च्या ऑगस्टमध्ये महेश्वरला निवर्तल्या. त्याच वर्षी ११ मार्चला त्यांच्या माहेरापासून फार लांब नसलेल्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. पेशव्यांच्या बाजूनं शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सगळे एकत्र आले होते, आणि असे सगळे एकत्र आल्याची ती शेवटचीच मोठी लढाई. निजामानं माघार घेऊन खर्ड्याच्या भुईकोटात आसरा घेतला आणि तिथेच कोंडला गेला. किल्ला निंबाळकरांनी बांधलेला. आम्ही तिथेही गेलो. तट अजून भक्कम आहे, आत रान माजलंय. अलीकडे उभारलेला ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज लांबूनच दिसतो आणि त्याच्यापुढे किल्ला बुटका वाटतो, हे माझं मत, भाचीला ध्वज आवडला.

खर्ड्याच्या पुढे भूम, येरमाळा करत रस्ता तेरला जातो. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहून ठेवलंय की भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणहून पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांवर; माल गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. कोस नाहीत, मैल नाहीत, नुसते दिवस. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, म्हणजे बैलगाडीचे दिवसाला पंधरा. त्या वेगानं निघालेला माल समुद्र ओलांडून रोमपर्यंत जात होता. पाँपेईच्या राखेत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीसारखी घडण असलेली एक मूर्ती तेरलाही मिळाली आहे, आणि पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये.

‘तेर इथून दोन-अडीच तास, बाई,’ चालक म्हणाला. ‘उसाच्या ट्रॉल्या नसतील तर.’ भाचीला सकाळी आठला वर्गात बसायचं होतं. गाडी जामखेडकडे वळली.